लेकीची महाधनेशाची चोच आणि पाच किलो शाडू - माझा अनुभव

लेकीच्या शाळेत गॅदरिंगला पाचवीचं नाटुकलं होतं, जंगलातल्या पक्ष्यांचं, आणि तिच्या वाट्याला आला महाधनेश, म्हणजे ग्रेट हॉर्नबिल. बाकी मुलांच्या चोची पुठ्ठ्याच्या झाल्या, छान झाल्या, पण महाधनेशाची चोच पुठ्ठ्यात बसतच नाही. ती सगळ्या बाजूंनी गोल वळत खाली येते आणि तिच्यावर तो मोठा पिवळा टोप असतो. चिपळूणला आत्याकडे वडाची फळं पिकली की हे पक्षी यायचे, दिसायच्या आधी पंखांचा घुं घुं आवाज यायचा, आम्ही पोरं ताट सोडून अंगणात धावायचो. त्यामुळे ही चोच मला नीटच करायची होती.

ठरवलं की आधी मातीत आकार घडवायचा, त्यावर कागद चिकटवायचा आणि वाळला की माती काढून टाकायची. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना आहे, तिथल्या काकांकडून पाच किलो शाडू आणला. काका म्हणाले, "ताई, आधी मळून घ्या कणकेसारखा, आणि पाण्याला जरा आवरा." पहिलं ऐकलं, दुसरं ऐकलं नाही.

पहिल्या रात्री अख्खी चोच भरीव मातीची केली, साधारण 24 सेंटिमीटर लांब, आणि टेबलावर ठेवून झोपले. सकाळी बघते तर टोक खाली लोंबलेलं आणि बुडाला भेग! मग सगळं मोडलं. रद्दी पेपर घट्ट चुरगळून त्याचा चोचीसारखा गाभा केला, वरून चिकटपट्टी गच्च गुंडाळली, तो एका डब्यावर पक्का बसवला आणि त्यावर साधारण दीड सेंटिमीटर मातीचा थर दिला. वजन एकदम कमी झालं आणि टोक जागेवर राहिलं. फक्त एक सांभाळायचं, आतला गाभा आकसत नाही पण शाडू वाळताना आकसतो, मग तडकतो, म्हणून काम थांबलं की ओलं फडकं आणि वर प्लास्टिकची पिशवी हवीच.

आता गुळगुळीतपणा. यातच माझे चार दिवस गेले. मला वाटायचं बोट ओलं करून फिरवत राहिलं की होईल गुळगुळीत. होतं काय, की पाण्याने बारीक माती धुऊन जाते, जाडे कण उघडे पडतात आणि हाताला चिखल लागत राहतो. वरून चकचकीत दिसतं म्हणून आपण खूष, आणि वाळलं की सगळे खळगे वर. तिसऱ्या संध्याकाळी लाइट गेली होती, मोबाइलचा टॉर्च बाजूने पडला आणि चोचीवर सावल्याच सावल्या दिसल्या, उंचवटे, बोटांचे ठसे, एक गाल फुगलेला. ट्यूबलाइटखाली यातलं काहीच दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी खोली अंधारी करून टॉर्च आडवा धरूनच काम केलं.

काकांना फोटो दाखवला तर त्यांनी तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा दिला. त्याचे दात मातीवरून आधी एका बाजूने तिरपे ओढायचे, मग उलट्या तिरप्याने, म्हणजे उंच भाग आपोआप खरवडला जातो आणि जिथे दातांची खूणच उमटत नाही तो खळगा, तिथे माती भरायची. पूर्ण चोचीवर सारख्या रेघा आल्या की समजायचं आकार बसला. या पायरीला दिसायला ती भयंकर दिसते, सगळी ओरखडलेली, पण खरा गुळगुळीतपणा इथेच येतो. मग जुनं एटीएम कार्ड वाकवून वळणावरून एका लांब फटकाऱ्यात ओढलं, थांबत थांबत ओढलं की कडा उठतात. सगळ्यात शेवटी माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर, म्हणजे नख दाबलं तर जेमतेम खूण पडेल इतपत, चमच्याच्या पाठीने घासली. टोप आणि चोच जिथे भेटतात त्या खाचेत बोट जात नाही, तिथे पातळ प्लास्टिक अंथरून वरून काडीने दाबलं, कडा मऊ झाल्या. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते आरशात बघायचं, उलटं दिसलं की वाकडेपणा लगेच डोळ्यात भरतो.

पुढचं सोपं. मातीवर व्हॅसलीन, त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेले कागदाचे तुकडे. कागद फाडायचा, कापायचा नाही, फाटलेली कड एकमेकांत मिसळते. एक थर पेपरचा, एक खाकी कागदाचा, म्हणजे कुठे राहिलं ते कळतं, असे सहा थर दिले. खळीत पूर्वी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विषारी असतं, मुलांच्या तोंडाजवळ अजिबात नको. तीन दिवस उन्हात ठेवून कटरने मधोमध उभी चिरली, कारण वळणामुळे ती अख्खी निघत नाही, आणि दोन्ही भाग कागदाच्या पट्ट्यांनी परत जोडले. मग खडूची पूड आणि फेविकॉलचा हात, वर 220 नंबरचा पॉलिशपेपर.

रंगवताना लेकीने एकच प्रश्न धरून ठेवला, मी नर की मादी? नराचे डोळे लाल, मादीचे पांढरे. तिला मादी व्हायचं होतं, कारण ती झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो, आणि नाटकात भरवणारी तिची बेस्ट फ्रेंड होती. मग डोळे पांढरे केले. चोचीला मात्र सपाट पिवळा दिला नाही, खऱ्या पक्ष्याचा तो पिवळा शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलाने चढतो, पिसं साफ करता करता ते तेल चोचीला लागत राहतं, म्हणून टोपावर गडद आणि टोकाकडे फिका ठेवला. चोच तोंडावर न बांधता टोपीच्या पुढे कपाळावर बसवली, डायलॉग मोकळेपणी म्हणता आले.

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळा शाडू बादलीत पाणी घालून ठेवला, रात्रभरात विरघळला. गाळून, फडक्यावर पसरून, परत मळून काकांना नेऊन दिला. त्यांनी एक गोळा हातात घेऊन दाबून बघितला आणि थेट गणपतीच्या पाटाकडे वळले.