बांगड्याचा पुरवठा-वक्र

पदवीच्या पहिल्या सत्राला मी अर्थशास्त्र शिकवतो. नेमलेले पाठ्यपुस्तक विकत घेणारे विद्यार्थी मोजकेच. बाकीचे अंधुक झेरॉक्सवर परीक्षा निभावतात. म्हणून यंदा मी अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाचे मुक्त पुस्तक घेतले. मूळ श्रेय देऊन आणि बदल केल्याची नोंद करून त्यात फेरफार करण्याची मुभा त्याच्या परवान्यातच आहे.

मुभा असते, पण तो फेरफार कुणीतरी बसून करावा लागतो, हे ‘फुकटचे पुस्तक’ म्हणून नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना कोण सांगणार? पतधोरणाचे प्रकरण जवळजवळ नव्याने लिहावे लागले, कारण तिथे सगळा फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, आणि आमच्या मुलांना हवा रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो) व तो ठरवणारी, २०१६ साली आलेली पतधोरण समिती. मात्र फेडने मार्च २०२० मध्ये बँकांवरील रोख राखीव प्रमाणाचे, म्हणजे ठेवींचा ठरावीक हिस्सा राखून ठेवण्याचे, बंधन शून्यावर आणले, ही नोंद मी मुद्दाम ठेवली. आपल्याकडच्या अशाच बंधनाशेजारी, सीआरआरशेजारी, ती उठून दिसते. या कामाला वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात रकाना नाही.

मागणी-पुरवठ्याच्या प्रकरणात मूळ उदाहरण पेट्रोलचे आहे, तेही गॅलन आणि डॉलरमध्ये. त्याजागी मी बांगडा घातला: गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, म्हणून पुरवठा-वक्र (कोणत्या भावाला किती माल विक्रीला येतो ते दाखवणारी रेषा) डावीकडे आणि भाव वर. आकृती स्वच्छ होती. वर्गात ती फळ्यावर काढताच मासळीच्या व्यवसायातल्या घरातली एक मुलगी म्हणाली, “सर, बंदीत मासळी येतेच की. बिनयंत्राच्या होड्यांना बंदी नसते, आणि पूर्व किनाऱ्याची बंदी जूनच्या मध्याला उठते, मग तिकडून बर्फातले ट्रक येतात.” म्हणजे वक्र सरकतो, पण किती, हा प्रश्न तिने उभा केला.

तेवढ्यात डिचोलीकडचा एक मुलगा ऑगस्टवर आला: बंदी उठून पुरवठा वाढतो, पण श्रावणात त्याच्या घरी मासळी वर्ज्य, म्हणजे मागणीही घटते. बार्देशातली दोन ख्रिस्ती मुले ताबडतोब म्हणाली, “आमच्याकडे नाही घटत.” तास संपला तरी वाद चालूच होता. पुरवठा वाढून मागणी घटली तर भाव उतरणार हे नक्की, पण विक्रीचे प्रमाण वाढेल की घटेल हे दोन्ही वक्र किती सरकले त्यावर ठरते. एरवी वर्षानुवर्षे पाठ करून घेतला जाणारा हा मुद्दा त्या दिवशी मुलांनी स्वतःहून गाठला.

त्यांचे आक्षेप घालून सुधारलेले प्रकरण मी इतर महाविद्यालयांतील काही प्राध्यापकांना पाठवले. एकाचे उत्तर आले, “छान आहे. उत्तरसूची पाठवा.” भावापुढे ‘उतरेल’ असे लिहून झाले आहे. विक्रीच्या प्रमाणापुढे ‘सांगता येत नाही’ असे लिहिले, तर दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नपत्रिकेत त्याला गुण मिळतील का, या विचाराने सूची अजून माझ्याकडेच आहे.