आमची वाटचाल : प्लेटिंगच्या रेक्टिफायरपासून किकर मॅग्नेटपर्यंत

आमचं काम सुरू झालं प्लेटिंगवाल्यांच्या रेक्टिफायरपासून, म्हणजे धातूवर मुलामा चढवायला एसीचा डीसी करून देणाऱ्या युनिटपासून. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा, एक वाइंडिंग मशीन आणि सातपूर-अंबडची गिऱ्हाईकं. त्यातून ट्रान्सफॉर्मर, चोक, मग कपॅसिटर चार्जर असं वाढत गेलं, आणि चार्जर बनवतो म्हटल्यावर एका सरकारी लॅबमधून फोन आला, मॅग्नेटसाठी पल्स पॉवर सप्लाय जमेल का? आम्ही हो म्हणालो.

हे नक्की काय असतं ते सांगतो, कारण बँकेचे साहेब अजून दरवेळी विचारतात. अ‍ॅक्सिलरेटरच्या रिंगमध्ये, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या मशीनच्या गोल नळीत, कण फिरत असतात, त्यांना आत घ्यायला किंवा बाहेर काढायला किकर मॅग्नेट लागतो आणि तो फक्त क्षणभर चालू व्हायला हवा. आपल्याच आग्रा रोडने मालेगाव, धुळे, सेंधवा करत गेलं की इंदूर, तिथल्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्राची इंडस-२ रिंग १७२.५ मीटर घेराची आहे आणि इलेक्ट्रॉन तिची एक चक्कर ०.५८ मायक्रोसेकंदाच्या आत मारतो, म्हणजे पल्सची वेळ जराशी हलली तरी कण पुढे निघून गेलेला असतो. बरं, १० मायक्रोहेन्री इंडक्टन्सच्या (म्हणजे करंट बदलायला होणाऱ्या विरोधाच्या) मॅग्नेटमध्ये एका मायक्रोसेकंदात १००० अँपिअर चढवायचे तर १०,००० व्होल्ट लागतात. म्हणजे त्या क्षणी एक कोटी वॉट! एवढं आमच्या एमएसईबीच्या लाइनवरून कुठून ओढणार, म्हणून कपॅसिटर सावकाश भरायचा आणि थायरॅट्रॉनने (गॅस भरलेली स्विचची ट्यूब) किंवा सॉलिड स्टेट, म्हणजे सेमीकंडक्टरच्या, स्विचने एकदम मोकळा करायचा. युरोपातल्या सर्न या लॅबमध्ये पीएस नावाच्या जुन्या मशीनच्या मेन मॅग्नेटना पण २०११ पासून कपॅसिटर बँकच पॉवर देते, तिथे पल्स सेकंदांचा असतो पण पीक ६० मेगावॉटपर्यंत जातं, आणि मॅग्नेटमधली एनर्जी परत कपॅसिटरमध्ये येते त्यामुळे लाइनवर लोड पडतो तो मुख्यतः लॉसेसचा.

व्होल्टेज काढणं हा यातला सोपा भाग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. खरं काम म्हणजे प्रत्येक पल्स आधीच्या पल्ससारखाच यायला पाहिजे. आमच्याकडे टेस्टिंगला स्कोप पर्सिस्टन्सवर (आधीच्या रेघा स्क्रीनवर तशाच राहतात) ठेवून युनिट रात्रभर चालवतात आणि सकाळी स्क्रीनवर सगळे पल्स एकावर एक बसून एकच बारीक रेघ दिसली पाहिजे, रेघ जाड दिसली की युनिट पॅक होत नाही, मग डिस्पॅचची तारीख गेली तरी चालेल. त्यासाठी चार्जिंग व्होल्टेज दरवेळी तेवढंच भरावं लागतं, ट्रिगर फायबरमधून द्यावा लागतो नाहीतर स्वतःच्याच नॉइजने कार्ड भलत्या वेळी फायर होतं, आणि बसबार! नुसत्या जोडणीत एक मायक्रोहेन्री वाढली तर वरच्या हिशोबात हजार व्होल्ट तिथेच गेले, म्हणून तांब्याच्या दोन रुंद पट्ट्या, मध्ये मायलर या इन्सुलेशनच्या प्लास्टिक फिल्मचे थर, अगदी चिकटून. आमचा फिटर पट्टीच्या कडेवरून बोट फिरवून बर, म्हणजे कापताना राहिलेलं धारदार टोक, शोधतो, कारण तेवढ्या टोकावरून कोरोना, म्हणजे हवेत बारीक विजेची गळती, सुरू होतो आणि मायलर जळतं. आणि पावसाळ्यात तर गाळ्यात ओल इतकी असते की हाय व्होल्टेज टेस्टला इन्सुलेटरवरून लीकेज दिसायला लागतं, मग हीटर लावून, पुसून, परत टेस्ट.

पैशाची बाजू अवघड आहे. ट्रान्सफॉर्मरचा माल गेला की बिल होतं, इथे साइटवर मॅग्नेट लावून चालवून दाखवल्यावर बिल, आणि एका ठिकाणी तर बिल्डिंगच तयार नव्हती म्हणून आमचं युनिट पेटीत पडून राहिलं आणि पेमेंट अडकलं. तो काळ रेक्टिफायरच्या ऑर्डरींनी तारला, म्हणून ती लाइन मी कधीच बंद करणार नाही.

सध्या थायरॅट्रॉनच्या जागी आयजीबीटी (सेमीकंडक्टरचे पॉवर स्विच) एकावर एक सिरीजमध्ये लावून स्विच करायचं चालू आहे. थायरॅट्रॉनचा हीटर आधी गरम करत बसावं लागतं आणि ट्यूब झिजते, ते दोन्ही यात नाही, पण सगळे आयजीबीटी एकाच क्षणी चालू झाले नाहीत तर मागे राहिलेल्यावर सगळं व्होल्टेज येतं आणि तो जातो. त्याची गेट ड्राइव्ह कार्डं आमचीच आयटीआयची मुलं बनवतात, आणि कपॅसिटरला अर्थिंग रॉड लावल्याशिवाय पॅनेलमध्ये हात घालायचा नाही हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं जातं. नवीन दोन मुलं घ्यायची आहेत, नाशिक-सिन्नर भागातली असतील तर उत्तम.