टेलिफोनची वही

मुख्याध्यापकांच्या खोलीत, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात काळा टेलिफोन असायचा. डायलला लहानसं पितळी कुलूप, शेजारी पत्र्याचा डबा आणि सुतळीने पेन्सिल बांधलेली एक लांबट वही. 1980 च्या आगेमागे आमच्या शाळेत असलेल्यांना हा कोपरा नक्की आठवत असेल. किल्ली आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांकडे. शाळेच्या कामाचा फोन असेल तर वहीत नुसती नोंद. खासगी असेल तर नोंद आणि डब्यात 50 पैसे.

मी नववीत मॉनिटर होतो. एका सकाळी हजेरीपट द्यायला गेलो, तर सर स्वतःच फोनवर होते. घरचं कोणीतरी दवाखान्यात होतं. अर्ध्या मिनिटात त्यांनी रिसीव्हर ठेवला, खिशातून आठ आण्याचं नाणं काढून डब्यात टाकलं, वहीत तारीख, वेळ, ‘खासगी’ असं लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

“इथं सही कर.”

“मी, सर?”

“किल्ली माझ्याकडे, फोन मी केला, वहीही मीच लिहितो. पैसे टाकले हे सांगणारा दुसरा कोणी नको का?”

मी सही केली. मोठ्या माणसाच्या नोंदीखाली आपलं नाव, याचाच आनंद जास्त. सर काय म्हणाले ते कळायला मला बावीस-तेवीस वर्षं लागली, आणि तेही नागपुरात नाही, बँकॉकमध्ये.

शाळेनंतर नागपूरचं व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज (आताचं व्हीएनआयटी), मग टेलिकॉमची नोकरी. एक्स्चेंज बसवण्यापासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत सगळं केलं. 2005 साली कंपनीने बँकॉकला पाठवलं. तिथे आमच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे थायलंडचे पंतप्रधानच, थाक्सिन शिनावात्रा.

या माणसाची गोष्ट मी सहकाऱ्यांकडून तुकड्यातुकड्याने ऐकली. जन्म 1949 चा, चियांग माईजवळचा. घरचा व्यवसाय रेशमाचा. स्वतः पोलीस अधिकारी, अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केलेला. नोकरीत असतानाच बायकोबरोबर धंदे सुरू केले. रेशीम, सिनेमा, काही चाललं नाही, डोक्यावर कर्ज चढलं. मग सरकारी खात्यांना कॉम्प्युटर भाड्याने द्यायला लागले आणि तिथून गाडी रुळावर आली. 1990 मध्ये सरकारी टेलिफोन खात्याकडून मोबाइलचा वीस वर्षांचा परवाना मिळाला, 1993 मध्ये त्यांच्या कंपनीचा उपग्रह आकाशात गेला. टॉवरवर चढून काम केलेल्या माणसाला या मजलीचं मोल कळतं. मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि तो मी लपवणार नाही.

1998 मध्ये त्यांनी थाई रक थाई हा पक्ष काढला आणि 2001 मध्ये ते पंतप्रधान झाले. 30 बाटमध्ये (बाट हे तिथलं चलन) उपचार, प्रत्येक गावाला दहा लाख बाटचा निधी, शेतकऱ्यांच्या कर्जवसुलीला तीन वर्षांची स्थगिती. आमच्या ऑफिसात साफसफाईला येणाऱ्या मावशी ईशान्येकडच्या, कोरडवाहू भागातल्या. आईचं ऑपरेशन 30 बाटमध्ये झालं, हे सांगताना त्या हाताची तीन बोटं वर करायच्या. 2006 साली आपल्याकडे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते. मी इंटरनेटवर यवतमाळच्या बातम्या वाचायचो आणि समोर या मावशी. 2005 च्या निवडणुकीत त्यांच्यासारख्यांनी थाक्सिन यांना 500 पैकी सुमारे 375 जागा का दिल्या, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. विदर्भातल्या माणसाला ते आपोआप कळतं.

पण याच माणसाच्या 2003 च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत काही महिन्यांत दोन हजारांहून जास्त माणसं मारली गेली. कित्येकांची बाजू कोर्टात कधी ऐकलीच गेली नाही. हे त्या मावशींना विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि कंपनीचं काय? मंत्र्याने कंपनीत पाच टक्क्यांहून जास्त शेअर ठेवायचे नाहीत, असा तिथला कायदा. शेअर मुलांच्या, नातेवाइकांच्या नावावर गेले. त्याआधी तर ते घरातल्या मोलकरणीच्या, ड्रायव्हरच्या, पहारेकऱ्याच्या नावावर सापडले होते. संपत्ती लपवल्याचा खटला घटनात्मक न्यायालयात चालला आणि 2001 च्या ऑगस्टमध्ये 8 विरुद्ध 7 मतांनी ते सुटले. जानेवारी 2006 मध्ये नवा टेलिकॉम कायदा लागू झाला. त्याने परदेशी भागीदारीची मर्यादा 25 वरून 49 टक्के केली. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच कुटुंबाने कंपनीतला आपला सुमारे 49 टक्क्यांचा हिस्सा सिंगापूर सरकारच्या तेमासेक या कंपनीला विकला. किंमत 73 अब्ज बाट, त्यावर कर शून्य.

ती बातमी मी ऑफिसात कॉफी पिताना वाचली आणि मला एकदम शाळेतला पत्र्याचा डबा दिसला. किल्ली त्यांच्याकडे, फोन त्यांचा, वहीही तेच लिहीत होते.

मग मोर्चे सुरू झाले. 19 सप्टेंबरच्या रात्री मी टीव्ही बघत होतो, अचानक कार्यक्रम थांबून राजाची छायाचित्रं आणि गाणी सुरू झाली. थाक्सिन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभेला गेले होते, इकडे लष्कराने सत्ता घेतली. सकाळी कामावर जाताना रणगाडा पाहिला. तोफेच्या नळीला पिवळी फीत बांधलेली आणि लोक मुलांना शेजारी उभं करून फोटो काढत होते. मला ते अजिबात आवडलं नाही. वहीत चुकीची नोंद असेल तर वही तपासायची, टेबलासकट फोन उचलून न्यायचा नाही. सरांनी आम्हाला हिवाळी अधिवेशनात विधान भवन दाखवायला नेलं होतं. तिथे गॅलरीत बसून प्रश्नोत्तराचा तास ऐकला होता. ते मला त्या सकाळी फार आठवलं.

2007 च्या दिवाळीत नागपूरला आलो, तेव्हा महाल भागात सरांच्या घरी गेलो. ऐकायला कमी येत होतं, म्हणून सगळी गोष्ट मी मोठ्याने सांगितली. सर मध्ये बोलले नाहीत. शेवटी विचारलं, “मग आता तो फोन कोणाकडे आहे?”

“सिंगापूर सरकारच्या कंपनीकडे, सर.”

“म्हणजे एका सरकारनं परवाना दिला एका माणसाला, अन् त्या माणसानं तो विकला दुसऱ्या सरकारला. मधले पैसे त्याचे.” थोडं थांबून म्हणाले, “आणि ती मोलकरीण? तिच्या नावावर शेअर होते, तिला कोणी विचारलं होतं का?”

दोन वर्षं त्या देशात राहून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

थाक्सिन 2008 मध्ये थोडा काळ येऊन पुन्हा देश सोडून गेले आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये, पंधरा वर्षांनी मायदेशी परतले. भ्रष्टाचाराच्या खटल्यांतली आठ वर्षांची शिक्षा राजाने एका वर्षावर आणली आणि त्यांचे सहा महिने पोलीस रुग्णालयातच गेले. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रुग्णालयातला काळ शिक्षेत धरता येणार नाही म्हणून त्यांना एक वर्षासाठी तुरुंगात पाठवलं. हे सरांना सांगायचं राहिलं. ते त्याआधीच गेले होते.

शाळेच्या या स्मरणिकेसाठी लिहायला बसण्यापूर्वी मी शाळेत जाऊन आलो. ऑफिसातल्या काकांनी विचारलं, “काहून, काय पायजे?” मी वहीचं सांगितलं. त्यांनी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ती काढून दिली. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. सरांच्या त्या नोंदीचं पान मात्र शाबूत आहे, आणि त्याखाली माझी ठळक, वाकडी सही. अमृत महोत्सव समितीला विनंती आहे की प्रदर्शनात ही वही काचेखाली ठेवावी आणि तेच पान उघडं ठेवावं. काचेचा आणि वाळवीच्या औषधाचा खर्च मी देतो.