दिवाडीला राहायचंय? मग आधी फोन करा

ऑक्टोबर लागला की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मी फोंड्यात राहतो म्हणजे अख्ख्या गोव्यातली हॉटेलं मला पाठ असणार असा सगळ्यांचा ठाम समज आहे. त्यात हल्ली नवीन फॅड निघालंय, बागा-कळंगुट नको, गर्दी नको, "काहीतरी शांत बघ ना रे, बेटबिट असेल तर बेस्टच". बेट म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे मालदीव. पांढरी वाळू, निळं पाणी, पाण्यावर उभं केलेलं लाकडी घर आणि हातात शहाळं.

तर आधीच सांगून टाकतो. गोव्यात राहण्यासारखी बेटं आहेत, पण ती मांडवी नदीतली आहेत, दिवाडी आणि चोडण. बीच नाही. अजिबात नाही. भातशेतं आहेत, खाजनं, म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून काढलेल्या जमिनी आहेत, खारफुटी आहे, जुनी घरं, चर्चं, देवळं आणि रस्त्यात मधोमध बसलेली गुरं आहेत. समुद्रात पाय बुडवायचे असतील तर फेरी ओलांडून पणजी, मग मिरामार. हे ऐकून निम्मे लोक गळतात आणि ते बरंच आहे, कारण उरलेले जे असतात ते खरंच तिथं रमतात.

आता राहायचं कुठं. बेटांवर एखादं मोठं रिसॉर्ट सोडलं तर बाकी सगळा मामला छोटा. जुन्या जांभ्या दगडाच्या घराच्या चार-पाच खोल्या नीट करून काढलेलं हॉटेल, नाहीतर घरमालक एका बाजूला राहतात आणि दुसरी बाजू पाहुण्यांना. दारापुढे बाल्कांव, म्हणजे समोरासमोर दोन बाकं असलेला ओटा, वर मंगलोरी कौलं, कुठेकुठे काचेच्या जागी शिंपल्यांचे तुकडे बसवलेल्या खिडक्या. फोटोत हे सगळं इतकं भारी दिसतं की माणूस लगेच बुक करून मोकळा होतो. माझं म्हणणं एवढंच की फोटो बघून फक्त यादी करा, बुकिंग मात्र मालकाशी फोनवर बोलून करा. मोठ्या हॉटेलात सिस्टीम असते, एक मॅनेजर गेला तर दुसरा येतो. छोट्या ठिकाणी तो माणूस म्हणजेच हॉटेल. त्याच्याशी दहा मिनिटं बोललात तर खोली बघून कळणार नाही एवढं कळतं.

काय विचारायचं? मी पहिला प्रश्न विचारतो की रात्री तिथं कोण असतं. ऐकायला विचित्र वाटतं पण याच्या उत्तरात सगळं येतं. "आम्ही मागच्याच बाजूला राहतो, दार वाजवा" हे एक उत्तर आणि "केअरटेकरचा नंबर पाठवून देतो" हे दुसरं. दुसरं वाईटच असतं असं नाही, पण बरीच घरं अशी आहेत की मालक दिल्ली-बंगळुरात, इथं एक पोरगा ठेवलेला, तो संध्याकाळी सातला घरी जातो. मग रात्री पाण्याची मोटर बंद पडली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं एका ठिकाणी असंच झालं, गेस्ट सगळे बादल्या घेऊन विहिरीवर, आणि मालक व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचे इमोजी पाठवतोय.

दुसरा प्रश्न लाइटचा. "इन्व्हर्टर आहे का" असं विचारू नका, आहे असंच सांगतील. "लाइट गेली की काय काय चालतं" असं विचारा. बहुतेक ठिकाणी पंखा आणि दिवे चालतात, एसी नाही. मे महिन्यात एसीशिवायची रात्र म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पुण्याच्या माणसाला सांगायला लागतं. त्याच दमात मच्छरदाणीचं विचारून घ्या. खाजनाच्या काठावर घर म्हणजे संध्याकाळी डास येणारच, त्यात मालकाचा दोष नाही, पण मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी असणं हे मात्र त्याच्याच हातात आहे.

आणि आवाज. शांत जागा पाहिजे म्हणून जाताय तर शांत म्हणजे काय तेही समजून घ्या. पहाटे कोंबडे, मोर, चर्चची घंटा, मग पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंय-पोंय करत पाव घेऊन येतो. दिवसा मधूनच कोकण रेल्वे धडधडत जाते, रूळ दिवाडीवरूनच गेलेत, स्टेशन मात्र नाही. मला हे आवाज आवडतात. पण एका पाहुण्यानं कोंबड्याबद्दल एक स्टार दिलेला रिव्ह्यू मी स्वतः वाचलाय, त्या कोंबड्याची बाजू कोणी ऐकून घेतली नाही.

रिव्ह्यूवरून आठवलं. पाच स्टारवाले वाचू नका, एक स्टारवाले तर नकोच, तीन स्टारवाले वाचा. त्यांच्यात माणसं खरं लिहितात. आणि एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षांत परत परत दिसली, ओलसर वास, गरम पाणी येत नाही, तर ती खरी धरा. मग गूगल मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावून शेजारी काय आहे ते बघा. लग्नाचा हॉल किंवा नवीन बांधकाम दिसलं तर तेही फोनवर सरळ विचारा. मॅपवरच्या अंतरावर मात्र विश्वास ठेवू नका. जुन्या गोव्याचं कॅथेड्रल दिवाडीहून हाकेच्या अंतरावर दिसतं, मध्ये नदी आहे हे लोक विसरतात.

दिवाडीवरचं अख्खं वेळापत्रक फेरीच्या हातात असतं, म्हणून हे जरा नीट वाचा. दिवाडीला जायला जुन्या गोव्यातून व्हाइसरॉयच्या कमानीजवळच्या धक्क्यावरून फेरी सुटते, दुसरी रायबंदरहून, आणि तिसरी पलीकडे डिचोलीच्या बाजूला नार्व्याहून. चोडणची फेरी रायबंदरहून. दिवाडीच्या फेरीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. धक्क्यावर गाड्यांची लाइन एकीकडे, स्कूटरवाले त्या लाइनीच्या कडेकडेनं पुढे सरकत असतात, फेरी काठाला लागायच्या आधीच पुढचं लोखंडी फळकूट खाली यायला लागतं, ते सिमेंटवर घासल्याचा कर्रकन आवाज झाला की इकडच्या स्कूटरी एकदम स्टार्ट होतात आणि तिकडून उतरणाऱ्या पण, दोन मिनिटं नुसता धुरळा. नवीन माणूस गाडी घेऊन आत चढवताना घाबरतो, खलाशी हातानं ये-ये करत राहतो, "आनी फुडें, आनी फुडें" म्हणत तुमचा बंपर पुढच्या गाडीच्या इतका जवळ नेतो की मध्ये वर्तमानपत्र बसायचं नाही. पाच-सात मिनिटांत पलीकडे. गंमत आहे, पण सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या वेळेला चारचाकी असेल तर एक-दोन फेऱ्या सोडून द्याव्या लागतात. म्हणून मालकाला विचारा की शेवटची फेरी किती वाजता, पावसात वेळ बदलतो का, आणि फेरी चुकली तर काय करायचं. याचं पटकन आणि बरोबर उत्तर देणारा माणूस खरोखर बेटावर राहतो असं समजा.

रेल्वेनं येणार असाल तर मडगावला जाऊ नका, करमळीला उतरा, जुन्या गोव्याची फेरी तिथून जवळ पडते. मांडवी एक्सप्रेस तिथं थांबते. ओला-उबर गोव्यात नाही आणि बेटावर रिक्षा मिळेल या भरवशावर तर राहूच नका. पणजीतून स्कूटर भाड्यानं घ्यायची, नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असलेलीच घ्यायची, पांढऱ्या प्लेटची स्वस्तात मिळाली तरी नको, पोलीस नेमके तुम्हालाच धरतात.

पैशांचं. बुकिंगच्या साइट छोट्या हॉटेलवाल्यांकडून साधारण पंधरा-वीस टक्के कमिशन घेतात, त्यामुळे थेट फोन केला तर बऱ्याचदा थोडं कमी होतं किंवा नाश्ता त्यातच धरतात. पण थेट म्हणजे डोळे झाकून नाही. गोव्याच्या नावावर खोट्या व्हिलांच्या जाहिराती देऊन अॅडव्हान्स उकळणारे भरपूर आहेत. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हणावं, खरा मालक हसत हसत फिरवून दाखवतो. पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का हे विचारा, १९८२ च्या कायद्याप्रमाणे हॉटेलपासून होमस्टेपर्यंत सगळ्यांना ती लागते आणि ज्याच्याकडे असते तो नंबर सांगायला का-कू करत नाही. जीएसटीचं बिल असेल तर सप्टेंबर २०२५ पासून रात्रीच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्याच्या वर १८. आणि एक विनंती, चार खोल्यांच्या मालकाशी भाजीबाजारातल्यासारखी घासाघीस करू नका. दोन रात्रींऐवजी तीन राहतो म्हणा, तो स्वतःच कमी करतो. नाताळ ते न्यू इयर मात्र विसरा, तेव्हा दुप्पट-तिप्पट दर असतात आणि ते देणारे लोकही असतात.

जेवणाचं आधी बोलायचंच. गेल्या सीझनला आमच्या सुषमावहिनीसाठी मी दिवाडीतल्या एका आंटीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वहिनी म्हणाल्या, "मेनूकार्ड पाठवता का?" आंटी म्हणाल्या, "मेनूकार्ड खंयचें गो बाय, सकाळी सांग किती जणां, बाजारांत जें मेळतलें तें करतां." वहिनींचा चेहरा पडला. मी म्हटलं वहिनी, हेच तर पाहिजे, हिच्या हातचं खा. गेल्या, आणि तिसऱ्यांचं सुकं आणि चणक माशाचं हुमण, म्हणजे कालवण, खाऊन आल्या, आता वहिनीच लोकांना त्या आंटीचा नंबर देत फिरतात. शाकाहारी असाल तर तसं आदल्या दिवशी सांगा, खतखतं, तोंडाक, भाजी-पाव सगळं मिळतं, फक्त आयत्या वेळी नाही, कारण दुकान पलीकडे आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई-सुरमई करत बसू नका, नदीतलं जे येतं ते खा. मार्च ते मेमध्ये आलात तर हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू मिळेल, बाकी वर्षभर शोधून मिळत नाही.

आता खरं सांगायचं तर सगळ्यांनी अशा ठिकाणी राहू नये. गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील तर जुन्या घरांचे उंच उंबरठे आणि पायऱ्या त्रास देतात, आणि रात्री दवाखाना म्हटलं की परत फेरीचा प्रश्न. लहान मुलांना स्विमिंग पूलच पाहिजे असेल तर सरळ किनाऱ्यावर मोठं हॉटेल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. आणि ज्यांना बेट नको पण छोटं हॉटेल पाहिजे त्यांनी पणजीच्या फोंतेनमध्ये बघावं, नाहीतर दक्षिणेला आगोंद. आगोंदला कासवं अंडी घालायला येतात त्यामुळे किनाऱ्यावर उजेड-गोंगाट कमी असतो, ते एक बरंय. मोपा विमानतळावर उतरणार असाल तर मात्र आगोंद म्हणजे गोव्याच्या एका टोकावरून दुसरं टोक, अर्धा दिवस त्यात जातो.

दिवाडीला दोन दिवस काय करायचं असं विचारतात. काही नाही हे पहिलं उत्तर. ते पटलं नाही तर पिएदादच्या टेकडीवरच्या चर्चजवळ संध्याकाळी जा, खाली सगळी नदी दिसते. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटावरून नार्व्याच्या फेरीनं पलीकडे गेलं की ते देऊळ बघून जेवायला परत. पक्ष्यांचा नाद असेल तर चोडणला सलीम अली अभयारण्य, खारफुटीतलं छोटंसंच आहे, सकाळी लवकर आणि शक्यतो थंडीत जा.

पावसात बेट सगळ्यात देखणं असतं आणि खोल्यांचे दर निम्म्यावर, पण भिंतींना ओल येते, गाद्यांना वास येतो, म्हणून तेव्हा फक्त मालक तिथं राहतात अशाच घरात जावं, ते रोज दारं-खिडक्या उघडतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरा असतो, वाड्यांच्या हद्दीवरून झालेल्या जुन्या भांडणांची झेंडे नाचवून केलेली चेष्टा, पोरं फोटाशीतून, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुकीतून, एकमेकांवर फळं उडवत असतात, बँड, चित्ररथ, अख्खं गोवा लोटतं. त्या शनिवारची खोली पाहिजे असेल तर जूनमध्येच आंटीला फोन करा, नाही मिळाली तर पणजीत राहा आणि गाडी रायबंदरलाच सोडून पायी फेरीत चढा, त्या दिवशी चारचाकी घेऊन पलीकडे जाणारा माणूस मिरवणूक संपली तरी लाइनीतच असतो.