लातूरच्या भुईकाट्यावर वेब सर्व्हिस: ४०४ चा घाट आणि फसवा स्टॅटिक आयपी

‘पाच मिनिटांत वेब सर्व्हिस’ शिकवणाऱ्या तमाम व्हिडिओवाल्यांना कोपरापासून नमस्कार. लातूरजवळच्या एका शेतकरी कंपनीच्या गोदामात, ऐन सोयाबीनच्या आवकेत, अशी सर्व्हिस बसवून कालच परतलोय. अंग अजून आंबलेलं आहे, तेव्हा भाषा थोडी तिखट लागली तर सांभाळून घ्या. जावा, मेव्हन आणि लिनक्सचं टर्मिनल तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. येत नसेल तर आधी शिका, मग गाडीत बसा.

काम साधंच. भुईकाट्याच्या पावतीचा नंबर दिला की भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मॉइश्चर आणि लागलेला भाव जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात, परत द्यायचा. एक क्लास, एक गेट मेथड, मागे एक टेबल. ते संभाजीनगरात घरी बसून लिहिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई हा प्रवासही निवांत झाला.

खरा घाट गोदामात लागला. तिथल्या मशीनवर कोणीतरी आधीच ताजा वाइल्डफ्लाय (जावाचे प्रोग्राम चालवणारा सर्व्हर) टाकून ठेवला होता. व्हिडिओतल्या शिकवणीत म्हटल्याप्रमाणे वॉर फाईल (प्रोग्रामचं गाठोडं) डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये टाकली. क्षणात शेजारी ‘डॉट डिप्लॉइड’ शेपटीची फाईल उगवली, म्हणजे सर्व्हर म्हणतोय सगळं ठीक. ब्राउझर उघडला, ४०४, म्हणजे पान सापडत नाही. लॉगमध्ये लाल ओळ एकही नाही. फाईल काढली, घातली, सर्व्हर बंद केला, चालू केला. परत ४०४. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, कीबोर्डवर भुशाचा थर, आणि काट्यावरचे मामा दर थोड्या वेळानं डोकावून विचारणार, “साहेब, झालं का? का जेवून घेता आधी?”

कारण शिकवणीत शोधून सापडणार नाही, कारण ती शिकवणीच जुनी. ओरॅकलनं जावा ईई (जावाची सर्व्हरवरची आवृत्ती) २०१७ मध्ये इक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, पण पॅकेजांचं ‘जावॅक्स’ हे नाव पुढे वापरायचा करार जमला नाही. म्हणून २०२० मधल्या जकार्ता ईई (जावा ईईचं नवं नाव) ९ पासून पॅकेजची नावंच बदलली: जावॅक्सच्या जागी जकार्ता. टॉमकॅट (असाच दुसरा सर्व्हर) १० पासून पुढे आणि वाइल्डफ्लाय २७ पासून पुढे फक्त नवीन नाव चालतं. तुमच्या क्लासवर जुन्या नावाचं पाथ ॲनोटेशन (सर्व्हिसचा पत्ता सांगणारी खूण) असेल तर नवा सर्व्हर भांडत नाही. त्याला ते ओळखीचंच वाटत नाही, तो तुमचा क्लास बाजूला ठेवतो आणि रिकामी वॉर सुखानं चालवतो. म्हणून लॉग स्वच्छ आणि ब्राउझरमध्ये ४०४.

इथे पुढचा खड्डा. एडिटरमध्ये सगळीकडे जावॅक्स शोधून जकार्ता करू नका. जावॅक्स एसक्यूएल, जावॅक्स नेमिंग, जावॅक्स क्रिप्टो ही पॅकेजं मूळ जावाची आहेत, त्यांची नावं तीच राहतात. ती बदललीत तर डेटासोर्सच्या ओळीवर बिल्ड अडकेल. बदलायचं ते सर्व्हलेट, डब्ल्यूएस-आरएस, पर्सिस्टन्स, इंजेक्ट वगैरे. मेव्हनच्या पॉम फाईलमध्ये जकार्ता ईई एपीआय १०.०.० घ्या आणि स्कोप ‘प्रोव्हायडेड’ ठेवा. टॉमकॅटवर जुनी वॉर जशीच्या तशी चालवायची असेल तर ती ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका, तो स्वतः बदलून घेतो. पण आपल्यासारखी रेस्ट सर्व्हिस (वेब-पत्ता दिला की डेटा देणारी) करायची असेल तर टॉमकॅट घेऊच नका. त्यात रेस्टसाठी लागणारं जॅक्स-आरएस नाही, ते पुरवणारी जर्सी वेगळी जोडावी लागते. वाइल्डफ्लायमध्ये तेच काम करणारं रेस्टईझी आतच आहे.

शिकवणी सोप-वाली (एक्सएमएलमधून बोलणारी जुनी पद्धत) असेल तर आणखी एक: जावा ११ मधून, म्हणजे २०१८ पासून, सोपसाठीचं जॅक्स-डब्ल्यूएस काढून टाकलंय. सापडत नाही म्हणून डोकं आपटू नका.

सोबत काय न्यायचं? घरी एकदा पूर्ण बिल्ड चालवून मेव्हनचं ‘डॉट एम२’ फोल्डर (उतरवलेल्या लायब्ररींचा साठा) पेन ड्राइव्हवर, जेडीके आणि सर्व्हरची झिपसुद्धा. गोदामातल्या नेटवर दोनशे एमबीची फाईल उतरवायला बसलात तर लिलाव होऊन हमाल घरी जातील.

आता पैशांचं. बाहेरून सर्व्हिसला पोचता यावं म्हणून लागणाऱ्या ‘स्टॅटिक आयपी’चे, म्हणजे न बदलणाऱ्या नेट-पत्त्याचे, नेटवाल्यानं कंपनीकडून वर्षाचे वेगळे पैसे घेतले होते. राउटरच्या पानावर पाहिलं तर पत्ता १०० नं सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला. हा सीजीनॅटचा पत्ता, म्हणजे नेटवाल्याच्या आतला; बाहेरचा खरा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. त्यावर कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून काही आत येणार नाही. सरळ लूट आहे. पैसे देण्याआधी राउटर उघडून हे दोन आकडे बघा. शेवटी एक स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन गोदामातून त्यावर उलटा एसएसएच टनेल टाकला, तो चालतोय.

वाइल्डफ्लाय मुळात फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो, त्यामुळे शेजारच्या मोबाइलवरही उघडत नाही. सुरू करताना ‘उणे बी’ लावून ०.०.०.० द्या. ८०८० उघडा, ९९९० हा मॅनेजमेंटचा पोर्ट बाहेर चुकूनही नको.

मराठवाड्यात वीज जाते, हे धरूनच चाला. सर्व्हर लिनक्सच्या सिस्टमडीची सर्व्हिस करून ‘एनेबल’ करा आणि बायोसमध्ये वीज आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायची सेटिंग लावा. नाहीतर रात्री मामांचा फोन येईल आणि त्यांना फोनवरून ‘सुडो’ सांगत बसावं लागेल. आणि जायचं तर लिलाव उरकल्यावर, दुपार उलटून जा. त्याआधी काट्याच्या खोलीत तुम्हाला कोणी खुर्चीसुद्धा देणार नाही.