आधी कागद दाखवा

रात्री साडेदहाला सोसायटीच्या ग्रुपवर एक पीडीएफ पडते. वर राजमुद्रा, खाली मंत्रालयाचा पत्ता आणि सोबत एक ओळ: "बघा, चोरांनी काय आदेश काढलाय!" सकाळी लोकल पकडेपर्यंत ती दादरहून बदलापूरला पोचलेली असते. संतापलेल्यांपैकी फार थोड्यांनी तिचे शेवटचे पान उघडलेले असते, आणि पारख नेमकी त्याच पानावर होते.

शासन निर्णयाची, म्हणजे जीआरची, रचना ठरलेली आहे. विषय, विभागाचे नाव, निर्णय क्रमांक, पत्ता, दिनांक. मग "वाचा" या शब्दाखाली आधीच्या निर्णयांचे संदर्भ, त्यानंतर प्रस्तावना, त्यानंतर प्रत्यक्ष निर्णय. शेवटाकडे एक ओळ असते: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक १८ आकडी असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. समजा संकेतांक २०२४०३१५ ने सुरू होतोय आणि वरचा दिनांक २ जानेवारीचा आहे, तर तिथेच थांबा. एक-दोन दिवसांचा फरक चालतो, अपलोड करायला उशीर होतो. अडीच महिन्यांचा फरक संशय घ्यायला पुरेसा आहे. तो आकडा महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर "शासन निर्णय" विभागात टाकून शोधा. मूळ प्रत मिळाली की दोन्ही शेजारी ठेवून ओळीने वाचा. बनावट कागद बहुतेक वेळा पूर्ण बनावट नसतो. एखादा परिच्छेद गाळलेला असतो, "वगळून"च्या जागी "धरून" केलेले असते, लाखाचे कोटी झालेले असतात. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनापासून "ध चा मा" हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी आहे. ती कथा इतिहासाला कितपत मान्य आहे हा वेगळा विषय, पण एका अक्षराने काय होते हे मराठी माणसाला वेगळे शिकवायला नको.

मात्र संकेतस्थळावर सापडला नाही म्हणून कागद खोटाच, असेही ठरवू नका. अधिसूचना राजपत्रात छापली जाते. खात्यांतर्गत पत्रे आणि महापालिकेचे आदेश जीआरच्या यादीत येत नाहीत. तिथे माहिती अधिकाराचाच रस्ता उरतो, त्याकडे पुढे येतो.

हे एवढे काटेकोरपणे सांगतोय, कारण मी उजव्या, परंपरा मानणाऱ्या विचारांचा आहे आणि आमच्याच बाजूच्या लोकांकडून हा आळशीपणा सर्रास होताना दिसतो. परंपरा जपणे म्हणजे सणवार आणि गडकिल्ले एवढेच नसते. लिहून ठेवण्याची शिस्त, चौकशीआधी निवाडा न करण्याची मर्यादा आणि आरोपाला आधार सापडला तर खुर्ची सोडण्याची लाज हाही वारसाच आहे. तो मुंबईने पाहिलेला आहे.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. महामंडळ तेव्हा जेमतेम वर्षाचे होते आणि पैसा विमेदारांचा होता. फिरोज गांधींनी लोकसभेत प्रकरण लावून धरले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, हे विसरू नये. जानेवारी १९५८ मध्ये न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, सर्वांसमक्ष झाली. फेब्रुवारीत अहवाल आला आणि त्याच महिन्यात अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. प्रश्न साधे होते: पैसे कोणी दिले, कोणाच्या सांगण्यावरून दिले, आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारले होते का?

जानेवारी १९८२ मध्ये बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले, ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर. सिमेंट तेव्हा कोट्यावर मिळे. बिल्डरांनी अंतुले यांच्या ट्रस्टला दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंटचे कोटे यांचा मेळ कागदावर बसला होता. १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर राजीनामा दिला. दोघांपैकी कोणालाही तेव्हा शिक्षा झालेली नव्हती. राजीनामा ही गुन्ह्याची कबुली नसते. माणूस खुर्चीवरून उठला की फाईल हलवणारा कारकून आणि साक्ष देणारा अधिकारी मोकळा श्वास घेतो, एवढ्यासाठी तो द्यायचा असतो.

आज घोटाळा आकड्याने मोजतात, आणि सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. मुंबई महापालिकेच्या कामांवरचा कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. सुमारे १२ हजार कोटी रुपयांची कामे तपासली होती. दुसऱ्या दिवशी फोनवर काय फिरत होते? "१२ हजार कोटींचा घोटाळा." तपासलेल्या कामांची एकूण किंमत आणि त्यांत सापडलेला गैरव्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात निविदा न काढता दिलेली कामे आणि करार न करता झालेला खर्च असे आक्षेप होतेच, आणि त्यांतला एकेक आक्षेप प्रभागातल्या सभेत धरून विचारण्यासारखा होता. पण १२ हजार कोटींचा आकडा ओरडून सांगणाऱ्याला समोरच्याने एका वाक्यात खोटे पाडले, आणि त्याच्याबरोबर खरे आक्षेपही वाहून गेले.

टू-जी मोबाइल लहरींच्या वाटपाचे उदाहरण आमच्या बाजूला जास्त बोचणारे आहे, म्हणून तेही देतो. कॅगच्या २०१० च्या अहवालात तोट्याचा एकच अंदाज नव्हता. वेगवेगळ्या निकषांनी तो सुमारे ५८ हजार कोटींपासून १ लाख ७६ हजार कोटींपर्यंत जात होता आणि त्याला "अनुमानित" म्हटले होते. लोकांच्या लक्षात फक्त सगळ्यात मोठा आकडा राहिला, तोही रोख पळवल्यासारखा. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, म्हणजे वाटपात दोष होताच. डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले, आणि त्याविरुद्धचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने दाखल करून घेतले आहे. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. ज्याने फक्त आकडा पाठ केला होता, त्याला निकालानंतर वाटले की सगळेच बनावट होते. विश्वास असा दोनदा मोडतो: आधी सरकारवरचा, मग आरोप करणाऱ्यावरचा.

म्हणून कॅगचा परिच्छेद वाचताना आकड्याआधीचा शब्द वाचा. "निष्फळ खर्च", "टाळता येण्याजोगा खर्च", "महसुलाचे नुकसान", "अनियमितता". प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे आणि यांतल्या कशाचाही अर्थ थेट "चोरी" होत नाही. खात्याने दिलेले उत्तर आणि त्यावर कॅगने काय म्हटले हे बहुधा त्याच परिच्छेदात असते. तेही सोडू नका.

"क्लीन चिट" हा दुसरा फसवा शब्द. कायद्यात तो नाही. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करतात तेव्हा न्यायालयात समरी पाठवतात आणि तिचे प्रकार आहेत. ए समरी म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही. बी समरी म्हणजे तक्रार खोटी आणि आकसाने केलेली. सी समरी म्हणजे तक्रार गैरसमजातून झालेली किंवा मामला दिवाणी स्वरूपाचा. पुढाऱ्याच्या "निर्दोष सुटले" या पोस्टरखाली ए समरी असू शकते, आणि ए समरीत पुढाऱ्याच्या निर्दोषत्वाबद्दल काहीच नसते. शिवाय दंडाधिकाऱ्यांनी ती स्वीकारेपर्यंत प्रकरण संपत नाही. फिर्यादी तिला विरोध करणारा अर्ज देऊ शकतो. बातमीत "क्लीन चिट" दिसली की विचारा, कोणती समरी आणि न्यायालयाने ती स्वीकारली का?

न्यायालयाच्या बातम्यांतही असेच होते. सुनावणीत न्यायमूर्ती तोंडी जे म्हणतात त्याचा मथळा होतो, आणि संध्याकाळी अपलोड होणाऱ्या आदेशात ते वाक्य नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरण क्रमांक आणि वर्ष टाकले की आदेश मिळतो. आदेशाचे शेवटचे परिच्छेद आधी वाचा.

आता माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, हे मोडले की अर्ज तिथेच अडतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला असेल तर कलम ६(३) खाली त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुम्हाला परत करायचा नसतो.

बहुतेक अर्ज प्रश्नचिन्हामुळे पडतात. "हा रस्ता सहा महिन्यांत का उखडला?" असे विचारले की "प्रश्नार्थक माहिती देय नाही" असे उत्तर येते, आणि कायद्याने ते चूकही नाही, कारण माहिती म्हणजे कार्यालयात असलेली नोंद. कागद मागा. अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती, अदा केलेली देयके, त्रयस्थ संस्थेचा गुणवत्ता तपासणी अहवाल आणि नस्तीवरील, म्हणजे फाईलवरील, टिपण्या. यांत मोजमाप पुस्तिका सगळ्यात महत्त्वाची. काँक्रीटची जाडी किती नोंदवली, कोणत्या तारखेला मोजली, कोणी सही केली, हे तिच्यात असते. मोजणीची तारीख आणि बिलाची तारीख शेजारी लिहून बघा. भर पावसाळ्यात, रस्ता पाण्याखाली असताना मोजमाप घेतल्याची नोंद दिसली तर हजार मीम्सनी होणार नाही ते काम ती एक ओळ करते. पाने फार असतील तर प्रतींऐवजी नस्तीची प्रत्यक्ष पाहणी मागा. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात, पाहणीचा पहिला तास मोफत असतो.

उत्तर आले नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आयोगाकडे रांग मोठी आहे, म्हणून प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. पुष्कळ कागद तिथेच मिळून जातात.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजीतले ८(१)(जे), बदलले आणि "वैयक्तिक माहिती" एवढ्या दोन शब्दांवर नकार देणे सोपे केले. केंद्रातले सरकार आमच्या विचारांचे आहे म्हणून याला बरे म्हणता येणार नाही. हे चुकले आहे. कलम ८(२) मात्र शिल्लक आहे: जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. म्हणून अर्जातच एका वाक्यात जनहित कशात आहे ते लिहा आणि ८(२) चा उल्लेख करा.

खरे-खोटे सरकारनेच ठरवून टाकावे, असे आमच्यातल्या काहींना वाटते. त्यांनी पालघर आठवावे. २०१२ मध्ये मुंबई बंदवरच्या एका फेसबुक पोस्टसाठी तिथल्या दोन तरुणींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा वापर झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. केंद्राच्या कारभाराबद्दलची बातमी खोटी की खरी हे सरकारच्याच कक्षाने ठरवायचे, ही २०२३ ची तरतूदही मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडीत काढली. ज्याच्यावर आरोप, त्याच्याच हातात शिक्का देता येत नाही, मग सत्तेत कोणीही असो.

म्हणजे जबाबदारी आपल्या अंगठ्यावर येते, आणि ती किती जड आहे हे याच राज्याने दोनदा पाहिले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या वातावरणात मारले गेले. दुसऱ्या घटनेवर बोलताना पहिली विसरणारे आमच्यात पुष्कळ आहेत. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून दोन बाणांची खूण असलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. ते दोन बाण म्हणजे मजकूर किमान पाच हातांतून आलेला आहे. मूळ कोणाचा हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसते.

एखादा फोटो किंवा व्हिडिओ खरोखर पुरावा म्हणून जपायचा असेल तर तो साधा फॉरवर्ड करू नका. त्यात दर्जा घटतो आणि तारीख-वेळेची अंतर्गत नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फाईल मूळ फोनवर तशीच ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-संकेत, लिहावे लागते. एकदा कापलेल्या क्लिपचे हॅश मूळ फाईलशी जुळत नाही.

आणि चुकीचे काही पाठवले गेलेच, तर "डिलीट फॉर एव्हरीवन" साधारण ६० तासांपर्यंत चालते. पण नुसते पुसू नका, लोकांनी ते पुढे पाठवलेले असते. त्याच ग्रुपवर, पहिल्या मजकुराइतक्याच ठळकपणे लिहा: "काल रात्री पाठवलेला आदेश बनावट आहे. मूळ निर्णयाचा संकेतांक हा, मूळ प्रत सोबत जोडली आहे. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी हेही तिथे पाठवावे." खाली आपले नाव घाला.