‘पान पिवळे पडले’ एवढ्या प्रश्नाला उत्तर का देता येत नाही

रावेर-यावल पट्ट्यातील केळी उत्पादकांसाठी प्रश्नोत्तरांची एक मराठी व्यवस्था उभारण्याच्या कामात मी सध्या गुंतलो आहे. या भागात ज्ञानाची वाण नाही. पिढ्यान्‌पिढ्या केळी करणारी घरे आहेत, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, आणि ‘जळगाव केळी’ला २०१६ पासून भौगोलिक मानांकनही आहे. असे असूनही मोबाइलवर एखाद्या शेतकऱ्याने पिवळ्या पानाचे छायाचित्र टाकून ‘काय मारू?’ असे विचारले, की उत्तरादाखल चार-पाच औषधांची नावे येतात, पान पिवळे का पडले हे कोणीच विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती सगळी चर्चा वर सरकून दिसेनाशी होते. यात दोष विचारणाऱ्याचा नाही. कोणती माहिती दिली तर उत्तर मिळेल, हे त्याला ठाऊक असते, तर बहुधा उत्तरही ठाऊक असते. म्हणून प्रश्न नेमका करण्याचे ओझे व्यवस्थेने उचलले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पिवळ्या पानाचेच पाहू. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे जाऊ शकतात, त्यामुळे त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर सबंध पान फिकट होते आणि पालाश कमी असेल तर पिवळेपणा कडेकडून आत येतो. लोह मात्र असे हलत नाही, म्हणून चुनखडीच्या जमिनीत लोह अडकून राहिले की वरचे कोवळे पान पिवळे पडते आणि खालची पाने हिरवीच राहतात. करपा असेल तर खालच्या पानांवर ठिपके आणि रेघा येतात. जानेवारीच्या थंडीत चरका बसून बाग पिवळी पडते, ती गोष्ट निराळी. आणि भारी काळ्या जमिनीत वाफसा न येता पाणी साचून राहिल्याने मुळे गुदमरली असतील, तर ती आणखी निराळी. उपाय प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, आणि छायाचित्र मात्र सगळीकडे एका पिवळ्या पानाचे असते.

यातून रचनेचा पहिला निर्णय आपोआप ठरतो. सुरुवातीला केळीच्या झाडाचे साधे चित्र दाखवायचे आणि पिवळे पान वरचे, मधले की खालचे, एवढेच बोटाने दाखवायला सांगायचे. त्यानंतरचे प्रश्न त्या उत्तरावरून ठरतील: बाग मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली) आहे की कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), लागवडीला किती महिने झाले, जमीन भारी आहे की चुनखडीची, ठिबकातून शेवटचे खत कोणते सोडले. बांधावर उभा असलेला, हात चिखलाने भरलेला माणूस वीस रकाने कधीही भरणार नाही, म्हणून एका वेळी एकच प्रश्न असावा आणि त्याचे उत्तर आवाजातही देता यावे, मग ते अहिराणीत असो वा लेवा गणबोलीत. सीएमव्ही, म्हणजे ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ या विषाणूमुळे केळीला होणारा रोग, त्याला इकडे हरण्याही म्हणतात. शोध घेताना दोन्ही नावांनी एकच उत्तर सापडायला हवे.

संगणकक्षेत्रातील लोकांनी हा विचार बराच आधी केला. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र पान मिळाले, चांगल्या उत्तराला मते मिळू लागली, आणि कोणते उत्तर उपयोगी पडले हे त्यावर पसंतीची खूण करून ठरवण्याचा अधिकार विचारणाऱ्याकडे राहिला. यातील शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र तेथे नवख्याचा प्रश्न ‘आधीच विचारला गेला आहे’ म्हणून बंद होत असे, आणि नव्या लोकांना तेथे परके वाटते हे त्या संस्थेनेच २०१८ मध्ये जाहीरपणे मान्य केले. शेतीत तर ही पद्धत मुळीच घेऊ नये, कारण जूनमधले पिवळे पान आणि जानेवारीतले पिवळे पान हा एकच प्रश्न नसतो. जुने उत्तर महिन्यासह दाखवावे आणि नवा प्रश्न तरीही उघडा ठेवावा.

पसंतीची खूणही जशीच्या तशी उचलून चालणार नाही. संगणकाचा प्रोग्राम चालला की नाही हे लगेच कळते. लोहाची फवारणी लागू पडली की नाही, हे मात्र पुढचे पान कोणत्या रंगाचे निघते त्यावरूनच समजते. उबदार हवेत केळीला साधारण आठवडा-दहा दिवसांत नवे पान येते, थंडीत हा वेग मंदावतो. म्हणून विचारणाऱ्याला दोन-तीन पाने निघतील इतक्या अवधीनंतर, ऋतू पाहून, आठवण जावी आणि नव्या पानाचे छायाचित्र मागावे. ते आल्याशिवाय उत्तरावर खूण उमटू नये.

काही उत्तरे मात्र मतांवर सोडणे धोक्याचे आहे. सीएमव्हीवर औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचे, रोग पसरवणारा मावा आटोक्यात ठेवायचा आणि बागेत काकडीवर्गीय पिके घ्यायची नाहीत, एवढेच हाती असते. हाताशी आलेले झाड उपटणे जिवावर येते, त्यामुळे औषधाचे नाव सांगणाऱ्या उत्तराला जास्त मते मिळण्याची भीती खरी आहे. अशा प्रश्नांवर तज्ज्ञांनी तपासलेले उत्तर सर्वांत वर स्थिर असावे, आणि उत्तर देणारा कृषी केंद्र, म्हणजे खते-औषधांचे दुकान, चालवत असेल तर त्याच्या नावाखाली तसे स्पष्ट लिहिलेले असावे. विचारणाऱ्याला गाव आणि नाव लपवण्याची मुभा असावी. आपल्या बागेत रोग आल्याचे गावभर व्हावे, असे कोणालाच वाटत नाही.

औषधाच्या मात्रेबाबत मी सवलत ठेवलेली नाही. ‘पंपाला एवढे’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, पण कोणाचा पंप पंधरा लिटरचा असतो तर कोणाचा वीस लिटरचा. उत्तर देणाऱ्याने मात्रा प्रतिलिटर लिहायची आणि फवारणी की आळवणी (औषध मुळाशी ओतणे) हे निवडायचे. हे दोन्ही भरल्याशिवाय उत्तर पुढे जाणार नाही. विचारणाऱ्याने आपल्या पंपाचे माप एकदा नोंदवले, की त्याला लागणारे प्रमाण व्यवस्था स्वतः काढून देईल.